भांडण कोणापुढे न्यावे?

शास्त्रपाठ : मत्तय १८:१५-१७



श्रीमती किरण बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्या महिला अधिकारी. २००७ साली त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली, आणि पुढच्याच वर्षी स्टार प्लस वाहिनीवर ‘आप की कचहरी’ या कार्यक्रमात त्या सामान्य माणसांचे तंटे मिटवू लागल्या. अंगावर गणवेश नव्हता, हाती दंडा नव्हता. तरी लोक आपण होऊन त्यांच्यापुढे आले.

घरचे भांडण साऱ्या देशासमोर मांडायला माणूस का तयार होतो? शांतपणे ऐकून घेणारे जवळ कोणी नसते, हे एक कारण असावे.

प्रभूने लावून दिलेला क्रम निराळा आहे. प्रथम एकट्याने एकट्याकडे जावे. मग एकदोघांना बरोबर न्यावे. मंडळीला सांगणे शेवटी. आपण उलटे चालतो. आधी गावभर बोलतो, मग वकील गाठतो. भावाचे दार मात्र ठोठावीत नाही. तंटा मिटवील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असे पौलाने करिंथकरांस विचारले (१ करिंथ ६:५). बालाघाटच्या आम्हांसही तोच प्रश्न आहे. येथे वडीलजनांपाशी शिपाई नाहीत. विश्वास हाच त्यांचा अधिकार. आणि शब्बाथशाळेतील मुले क्षमेचा धडा पुस्तकापेक्षा आपल्या वागण्यातून शिकतात.

या महिन्यात प्रभुभोजनाच्या मेजाकडे जाण्यापूर्वी आपण त्या एका दाराशी जाऊ या. प्रभू त्यासाठी आपणांस कृपा पुरवो. आमेन.