खरे बोलले म्हणजे कर्तव्य झाले काय?

"स्पष्टवक्ता सुखी भवेत्" हे वचन आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी असते. मंडळीच्या सभेत एखाद्या वडिलाने कोणास सर्वांदेखत टाकून बोलावे, आणि कोणी हळहळले तर "मी खोटे काय बोललो?" असे विचारावे, हा प्रकार कोणत्याही गावास नवा नाही. तेव्हा प्रश्न असा की, पुढाऱ्याने खरे बोलले म्हणजे त्याचे कर्तव्य पुरे झाले काय?

शास्ते या पुस्तकात दोन पुढाऱ्यांचे वृत्तांत आहेत, ते शेजारी ठेवून वाचावेत. मिद्यानी लोकांचा मोड केल्यावर गिदोनाकडे एफ्राईम वंशाचे लोक रागाने आले. लढाईस निघताना आम्हांला का बोलाविले नाही, अशी त्यांची तक्रार होती (अध्याय 8). गिदोनाने आपल्या बाजूचे समर्थन मांडले नाही. मिद्यानाचे सरदार ओरेब व जेब तुमच्याच हाती लागले, त्यापुढे माझे काम ते काय, असे तो म्हणाला, आणि त्यांचा राग निवळला. ही खुशामत नव्हती. सरदार खरोखरच एफ्राईमाने पकडले होते. बोलण्याजोगी अनेक सत्ये त्याच्यापाशी होती. त्यांतून दुसऱ्याचा मान राखणारे सत्य त्याने निवडले.

पुढे तोच वंश तीच तक्रार घेऊन इफ्ताहाकडे गेला (अध्याय 12). या खेपेस त्यांची भाषा अधिक उद्दाम होती. तुझे घर तुझ्यासकट जाळून टाकू, अशी त्यांनी धमकी दिली. इफ्ताहाने उत्तर दिले की, मी बोलाविले तेव्हा तुम्ही आला नाही, म्हणून जीव मुठीत घेऊन मी एकटा लढलो. त्यात त्याने कोठे खोटे सांगितले असे शास्त्र म्हणत नाही. परंतु त्या उत्तरामागून तलवार निघाली आणि एफ्राईमाचे 42,000 लोक पडले. विशेष हे की, याच इफ्ताहाने अम्मोनाच्या राजाकडे दोनदा जासूद पाठवून सविस्तर बोलणी केली होती. परक्या शत्रूसाठी त्याच्यापाशी शिष्टाई होती. आपल्या बंधूंसाठी मात्र एक उत्तर आणि मग शस्त्र. त्याला त्याच्या भावांनी पूर्वी घरातून हाकून दिले होते. तो जुना घाव अजून वाहत असावा, असे वाटते. दुखावलेला पुढारी पुष्कळदा सत्यच बोलतो, पण ते दुसऱ्याच्या हितासाठी नव्हे, तर आपल्या जखमेसाठी.

त्या लढाईत यार्देनेच्या उतारावर माणसे ओळखण्यासाठी 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लावीत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे, तो मारला जाई. आपल्या भागास ही गोष्ट जवळची आहे. राजगुरुनगर, चाकण व पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून माणसे कामास येतात. कोणाची बोली वऱ्हाडी, कोणाची अहिराणी. असा बंधू उपासनेस आला आणि त्याने प्रार्थना केली असता मागच्या बाकावर हसू उमटले, तर शिब्बोलेथाचा उतार आपणच पुन्हा मांडला असे होईल. रक्त सांडत नाही एवढेच; माणूस मात्र पुढच्या रविवारी येत नाही.

ऐकणाऱ्याकडे उतरून जाणे म्हणजे काय, याचा कित्ता आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. पंडिता रमाबाईंना 1878 साली कलकत्त्यास 'सरस्वती' ही पदवी मिळाली. संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात राहून, हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून सोप्या मराठीत. 1922 साली त्यांचा अंत झाला आणि 1924 साली ते संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले. विद्वत्ता कमी होती म्हणून भाषा सोपी झाली नाही. प्रीती मोठी होती म्हणून झाली.

येथे कोणी विचारील की, प्रभूने शास्त्री व परूशी यांना कठोर शब्दांनी फटकारले नाही काय? होय, फटकारले. पण ते कोण होते हे पाहावे. लोकांच्या माथी जड ओझी ठेवणारे ते अधिकारी होते. उलट, तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूने समुद्रकाठी आधी न्याहारी दिली, आणि मग तीन प्रश्न विचारून त्याच्यावर कळप सोपविला. प्रभूची कठोरता बलवानासाठी होती, कोमलता पडलेल्यासाठी. आपण बहुधा उलट करितो: सावकारापुढे मवाळ आणि विधवेपुढे स्पष्टवक्ते!

तेव्हा सत्य सोडून गोड बोलावे असा याचा अर्थ नव्हे. नाथानाने दावीदाचे पाप झाकले नाही. पण गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून त्याने राजाकडूनच न्याय वदविला. सत्य हे औषध आहे, आणि औषध रोग्याच्या पोटात गेले पाहिजे. वैद्याने ते अंगणात ओतून "मी दिले" असे म्हणून चालत नाही. म्हणून पंचांनी व वडिलांनी बोलण्यापूर्वी पाहावे: मी त्याचे पूर्ण ऐकून घेतले काय? मत्तय 18 प्रमाणे आधी एकांतात त्याची गाठ घेतली काय? आणि हे शब्द त्याला परत आणण्यासाठी आहेत, की माझा राग निवविण्यासाठी? जो आपला बंधू मिळवितो, त्यानेच सत्य पुरतेपणी सांगितले असे समजावे.