नावेत जागा किती?



आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय बारावा, गीतेच्या सातव्या श्लोकावरच्या ओव्या.

श्लोकात भगवंत म्हणतात, ज्यांनी आपलं चित्त माझ्याकडे लावलंय त्यांना मी या मृत्यूच्या संसारसागरातून वर काढतो, आणि उशीर लावत नाही. गीता एवढं सांगून पुढे जाते. माउली मात्र तिथे थांबतात. काढतो म्हणजे नेमकं कसं काढतो, हे त्यांना सांगायचं असतं. मग ते अख्खी व्यवस्थाच डोळ्यांपुढे उभी करतात. भगवंतानं नामाच्या नावा केल्या. जे सडे आहेत, म्हणजे एकटे, मागेपुढे कुणी नसलेले, त्यांना ध्यानाच्या कासेला लावलं. पट्टीचा पोहणारा आपल्या कमरेला धरायला लावून दुसऱ्याला पलीकडे नेतो, तसं. कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधली. आणि जे परिग्रही, म्हणजे बायकापोरं, घरदार, सामानसुमान असलेले, त्यांना नावेत बसवलं.

नेवाशात, प्रवरेच्या काठी, 1290 साली हे सांगितलं गेलं. नदीकाठच्या माणसाला नाव काय असते ते माहीत असतं. मला हा भाग नेहमी गोड वाटायचा. पण मी मनातल्या मनात स्वतःला सड्यांच्या रांगेत उभं करायचो. पहाटे पाचला उठणं, वीस मिनिटं ध्यान, कानात हरिपाठ, म्हणजे झालो आपण कासेला लागलेले! खरं तर मला बायको आहे, पाच वर्षांची मुलगी आहे, गावाकडे आई आहे, आणि मोशीतल्या टू बीएचकेचा हप्ता अजून चौदा वर्षं आहे. मी चांगला जाडजूड परिग्रही आहे. माझी सोय नावेत आहे.

आणि नाव म्हटली की बरोबरची माणसं आली. ती आपण निवडलेली नसतात.

याच जागी गेल्या मंगळवारी माझं वाचन अडकलं. का, ते सांगतो.

आमची कंपनीची बस सकाळी मोशीहून सुटते. इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, मग चाकण. नाशिक हायवेचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. अंतर थोडं आणि वेळ अमाप. त्या दिवशी धो धो पाऊस. एका स्टॉपवर बस थांबली आणि आमच्या लोकांबरोबर एक पोरगा चढला. विशीतला, परभणीकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, गळ्यात पिवळी दोरी. आमच्या गळ्यात निळी असते. पिवळी म्हणजे कंत्राटी. त्याच गेटमधून आत जातो, त्याच शेडमध्ये उभा राहतो, पण पगार ठेकेदाराकडून.

बसचं बघणाऱ्यानं दोरी पाहिली आणि म्हणाला, "तुझी गाडी नाही ही. उतर."

"सर, आमची शेअरिंगवाली गाडी आलीच नाय. लेट झालं की हाफ डे टाकतेत. उभा राहतो ना."

"नियम आहे. उतर बाबा, मागे गाड्या थांबल्यात."

तो उतरला. भांडला नाही, वाईट चेहरा केला नाही. सवय असल्यासारखा उतरला. बस हलली. मी मागे वळून मोजलं, चौदा सीट रिकाम्या होत्या. माझ्या कानात हरिपाठ चालू होता. मी काही बोललो नाही.

पूल ओलांडताना खाली इंद्रायणी भरून चालली होती. आणि मला एकदम उजनीची होडी आठवली.

माझं आजोळ करमाळा तालुक्यात, कुगावच्या बाजूला. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पात्र फुगून समुद्रासारखं झालं. पलीकडचा इंदापूर तालुका डोळ्याला दिसतो, पण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा. म्हणून लोक होडीनं जायचे, कुगाव ते कळाशी. आणि गंमत बघा, आपली इंद्रायणी देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते, ते पाणी याच उजनीत येतं आणि पुढे पंढरपूरला चंद्रभागा होतं. मी रोज सकाळी ज्या पाण्यावरून चाकणला जातो, त्याच पाण्यावर लहानपणी होडीत बसायचो.

ती होडी म्हणजे एक गावच असायचं. दोन-तीन मोटारसायकली आडव्या, दुधाच्या किटल्या, ज्वारीची पोती, लग्नाला निघालेल्या बायका, एखादी शेळी. इंजिनाचा फटफट आवाज आणि डिझेलचा वास. घाई कुणालाच नसायची, कारण घाई करून उपयोग नसायचा. "सरका की वो जरा" म्हटलं की सगळे सरकायचे आणि एवढ्याशा जागेतून जागा निघायची. माझ्या मनात त्या होडीची हीच आठवण होती: भरलेली होती, तरी तिथे कुणाला नाही म्हणत नसत. आणि आमची एसी बस, चौदा सीट रिकाम्या, आणि एका पोराला जागा नाही.

लेख इथेच संपला असता. "जागा नावेत नसते, मनात असते" असं एक वाक्य, खाली हात जोडलेले, झालं. पण रात्री आईला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाही रे. कोण म्हणतं नाही म्हणत नव्हते? तुला तो दिवस आठवत नाही का, आबा तुला घेऊन खाली उतरले होते?"

मग तिनं आठवण करून दिली. मे महिना, संध्याकाळ, मी सात-आठ वर्षांचा. होडी भरलेली. काठावर एक म्हातारी आली, गाठोडं घेऊन, पलीकडे लेकीकडे काहीतरी अडचण होती. होडीवाला म्हणाला, "आता नाही आजी, पुढच्या खेपेला." आतले सगळे ओरडायला लागले, "घे की रे, एकटीच हाय म्हातारी. तिचं वजन ते काय!" होडीवाला ऐकेना. वारा सुटला होता. तेव्हा आमचे आबा उठले, त्यांनी मला खाली उतरवलं, आपलं पोतं उतरवलं आणि म्हणाले, "बस आजी. आम्ही येतो मागून." पुढची खेप अंधार पडल्यावर आली. कळाशीहून पुढची एसटी गेली होती. आम्ही रात्र एका ओळखीच्या ओट्यावर काढली. मी म्हणे रात्रभर आबांशी बोललो नव्हतो.

मी हे पूर्ण विसरलो होतो. आईचा फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. कारण यानं माझं सोपं उत्तर मोडलं.

इंजिनिअर आहे म्हणून जरा हिशोब मांडतो. समजा एक सपाट बुडाची होडी आहे, दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. साठ किलोचा माणूस बसला की ती साठ लिटर पाणी बाजूला सारते. वीस चौरस मीटरवर साठ लिटर, म्हणजे होडी फक्त तीन मिलिमीटर खाली जाते. तीन मिलिमीटर! म्हणून "आणखी एक घ्या" हे नेहमी खरंच वाटतं. एका माणसानं कधी काही होत नाही. पण पन्नास माणसं म्हणजे पंधरा सेंटिमीटर. काठ आणि पाणी यांच्यात उरलेल्या त्या वितीतच लाटेची जागा असते. ती जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते. ती सगळ्यांच्या जिवाची जागा असते.

17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. आषाढातली अमावास्या तोंडावर, लोक गावाकडे निघालेले, बोट खच्चून भरलेली, पावसाळी समुद्र. काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्या कंपनीची ती बोट, तिला लोक प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. तिच्या बोटींना संतांची नावं होती. तिची 'तुकाराम' बोटही 1927 मध्ये बुडाली होती. संताचं नाव दिलं म्हणून पाण्याचा नियम बदलत नाही.

लांब कशाला जायचं? 21 मे 2024 ला माझ्या त्याच कुगाव-कळाशीच्या वाटेवर वादळी वाऱ्यात होडी उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, बाकीचे सहा गेले, त्यात दोन लहान मुलं. तिथे गर्दी नव्हती, वारा होता. पण आमच्या होडीवाल्यानं त्या संध्याकाळी वारा का बघितला होता, ते मला तेव्हा कळलं. आणि 15 जून 2025 ला आपल्याच इंद्रायणीवर, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार जण गेले. त्या पुलावरही प्रत्येक जण "आणखी एक"च होता.

म्हणजे "नाही" म्हणणारा होडीवाला निर्दय नव्हता. ओरडणारे लोक दयाळू होते, पण त्यांची दया फुकटातली होती. म्हातारीला घ्या म्हणताना त्यांच्यातला एकही जागचा उठला नव्हता. धोका सगळ्यांच्या डोक्यावर वाटून टाकायचा आणि पुण्य आपल्या नावावर घ्यायचं.

'रामदास'च्या हकिकतीत आणखी एक गोष्ट सांगतात. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी बुडणारी माणसं पाहिली, तेव्हा त्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून दिली आणि माणसं होडीत घेतली. मला वाटतं, आजच्या ओव्यांचा अर्थ इथे उघडतो. त्यांच्याही होडीला मर्यादा होती. त्यांनी ती नाकारली नाही. जागा आपोआप निघेल असं म्हटलं नाही. आपलं जे होतं ते टाकलं आणि तेवढी जागा केली. आबांनी तेच केलं होतं.

आता मी मंगळवारच्या बसकडे परत येतो. कुणी "नाही" म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे, असं मी ठरवलंय. पहिला: ही मर्यादा पाण्याची आहे की दोरीच्या रंगाची? पाण्याची असेल तर तिचा मान ठेवायचा, भले ऐकायला कठोर वाटो. दुसरा: "हो" म्हणायचं असेल तर त्याची किंमत कोण देणार? मी, की दुसरं कुणी?

बसमध्ये मर्यादा पाण्याची नव्हती, चौदा सीट होत्या. मी ॲडमिनमध्ये विचारलं. उत्तर आलं, विम्यात फक्त कंपनीच्या पटावरचे लोक आहेत, उद्या अपघात झाला तर जबाबदारी कुणाची? हे उत्तर अगदीच खोटं नाही. बसचं बघणारा माणूसही स्वतःची नोकरी सांभाळत होता, त्याला व्हिलन करून मी सुटणार नाही. पण कागदाची मर्यादा कागदानं बदलता येते. पाण्याची बदलता येत नाही. म्हणून मी मेल लिहिली, कंत्राटी मुलांना विम्यात घेऊन रिकाम्या सीट द्याव्यात अशी. सहीला सात जणांना विचारलं, तिघांनी दिली. एक मित्र म्हणाला, "अप्रेझलच्या तोंडावर कशाला?" मला सांगायला लाज वाटते, पण मीही तो विचार करून दोन दिवस मेल ड्राफ्टमध्येच ठेवली होती. माझी मासळी तीच होती: शांत राहून मिळणारी जागा. मेल गेली. उत्तर आलंय, "बघू."

तोपर्यंत आठवड्यातून दोन दिवस मी गाडी काढतो. त्याच स्टॉपवर थांबतो, तिघं बसतात, चौथ्याला सांगतो, पुढच्या वेळी. पेट्रोलचा खर्च होतो, आणि ट्रॅफिकमध्ये माझा निवांत हरिपाठ होत नाही, कारण पोरं बोलतात. पिवळ्या दोरीचा तो मुलगा अजून दिसलेला नाही. याला मी सेवा म्हणणार नाही. त्या सकाळी माझ्या तोंडून एक वाक्य निघायला हवं होतं, ते निघालं नाही, त्याचा हा हप्ता आहे.

माउलींनी आपल्याला, संसारवाल्यांना, नावेत का बसवलं असेल? मला आता असं वाटतं की एकट्यानं पोहणाऱ्याला फक्त पाण्याशी झुंजायचं असतं. नावेतल्याला शेजाऱ्यासाठी सरकायचंही असतं, आणि वेळ आली तर उतरायचंही असतं. तेच त्याचं ध्यान. आबा कधी ध्यानाला बसल्याचं मला आठवत नाही. पण त्या रात्री ते मागे राहिले म्हणून भगवंताच्या नावेतली त्यांची जागा गेली असेल, असं मला वाटत नाही.

आजचा अभ्यास: आज दिवसभरात तुम्ही कुणाला तरी "जागा नाही" म्हणाल किंवा दुसरा म्हणताना ऐकाल. लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, घरात, कुठेही. तेव्हा क्षणभर थांबून बघा, मर्यादा पाण्याची आहे की दोरीची. आणि दोरीची असेल तर निदान कानातला हरिपाठ बंद करून तोंड उघडा.

राम कृष्ण हरी.