मिस्त्रींची दोन बोटं

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रेसवरच्या मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच डायखाली गेलेली. तेव्हा प्रेसला पायडल असायचं. पाय पडला की वरचा ठोका खाली, हात कुठेही असो. आता दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. एवढी अक्कल यायला किती बोटं खर्ची पडली, ते जुन्या कामगारांना विचारावं.

त्याच शॉपमध्ये एक पोरगा होता, भलता विनोदी. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की त्याचं तोंडही उघडायचं. एक दिवस टार्गेट वाढवल्याची नोटीस लागली. भाकरी मोडता मोडता पोरगा म्हणाला, "साहेबांनी आज आपला पार बलात्कार केला राव!" सगळे खदखदून हसले. हशा मिळाल्यावर माणूस थांबतो थोडाच! मोबाइलवर आलेला त्याच जातीचा आणखी एक विनोद त्यानं सांगितला. त्यात शेवटी बाईच खूश झालेली.

पलीकडे पॅकिंगच्या बायका जेवायच्या. त्यांतल्या एकीनं मेथीची भाजी तशीच ठेवून डब्याला झाकण लावलं. खटका बसेना. तिनं दोनदा दाबून पाहिला, मग डबा तसाच उचलून नळाकडे गेली. परतली ती भोंगा झाल्यावर.

हात धुताना मिस्त्रींनी पोराला विचारलं, "दोन वर्षं झाली तुला इथे. प्रेसखाली बोट तुटल्याचा विनोद कधी केला नाहीस. का रे?"

"काका, तुमच्यासमोर कसा करणार?"

"म्हणजे माझा हात दिसतो म्हणून. आणि ज्याचं दिसत नाही, त्याचं काय?"

"पण मी कुणाचं नाव घेऊन बोललो का? गंमत होती ती."

"जिच्यावर गुदरलंय, तिला तुझ्या गमतीत तो दिवस पुन्हा दिसतो. वर सगळे हसताना बघून तिला कळतं, की इथे तोंड उघडण्यात अर्थ नाही. आणि तसलं काही केलेला एखादा आपल्यात बसला असेल, तर त्याला वाटतं, ही सगळी आपलीच माणसं."

जखम दिसली नाही म्हणजे झालीच नाही, हा समज जेवणाच्या टेबलापुरता असता तर एक वेळ चाललं असतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलेल्या त्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. एक कारण असं, की मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३च्या कायद्यानं तर कामाच्या जागची असली शेरेबाजीही लैंगिक छळात धरली. दहा माणसांच्या कारखान्यातसुद्धा तक्रार समिती हवी. या कारखान्यात समितीचा कागद पंचिंग मशीनशेजारी होता. त्याच्यावरच बोनसची नोटीस चिकटवलेली.

पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "त्या ताईंना जाऊन सॉरी म्हणू का? काही झालं होतं का त्यांना?"

"खबरदार विचारलंस तर! झालं असेल, नसेल. नुसती भूक नसेल. ते तुला कळायची गरज नाही."

"मग बोलताना कोण कसं आहे, हे मला समजणार कसं?"

"नाहीच समजणार," मिस्त्री म्हणाले. "मला तरी कुठे माहीत होतं, त्या दिवशी पाय कधी पडणार ते."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत पोरगा बराच वेळ ठेच्यात बोट घालून बसला. शेवटी राहवेना, तेव्हा त्यानं पाथर्डी फाट्याच्या खड्ड्यात आपण स्कूटरसकट कसे आडवे झालो आणि पिशवीतली अंडी कशी तिथेच फुटली, ते हातवारे करून सांगितलं. पॅकिंगच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. कोण, ते त्यानं वळून पाहिलं नाही.