पाणमांजराला दोष द्यायचा का?

कॅलिफोर्नियाच्या समुद्रात पाठीवर तरंगत, छातीवर दगड ठेवून शिंपला फोडणारे पाणमांजर तुम्ही व्हिडिओत पाहिले असेल. किती गोड वाटते! हेच पाणमांजर कधीकधी पाण्याखालून येऊन वर निवांत बसलेला ग्रीब पक्षी पकडते आणि खाते. ते कळले की मन कळवळते, आपण त्याला क्रूर म्हणून मोकळे होतो.

पण त्याच्या अंगात चरबीचा थर नसतो. थंड पाण्यात ऊब टिकवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याइतके खावे लागते. आणि शिंपल्यातही जीव होताच की! तेव्हा आपण हसत होतो. मग आपली करुणा पिसे आणि डोळे असणाऱ्यांपुरतीच का?

माणसाने मात्र त्याला मऊ फरसाठी मारले, इतके की १९११ साली फर सीलबरोबर त्यालाही वाचवायला चार देशांना करार करावा लागला. पक्षी सोडून द्यावा, हे पाणमांजराला सुचणारच नाही. फरचा कोट घेणाऱ्याला सुचू शकत होते.

हे लिहिताना मी माझा चामड्याचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आहे. त्याचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.