शाळा भरायला किती मुलं लागतात?

'नॉन नॉन बियोरी' या जपानी अॅनिमेच्या पहिल्या भागात फारसं काही घडत नाही. टोकियोत वाढलेली, पाचवीतली होतारू वडिलांच्या नोकरीमुळे एका खेड्यात राहायला येते. तिथल्या शाळेत वर्ग एकच आणि तिला धरून मुलं पाच. एक पहिलीतली, एक सातवीतली, एक आठवीतली, एक नववीतला. सगळी एकाच खोलीत, ज्याचं त्याचं पुस्तक वेगळं. बाई डुलक्या काढतात. आणि पहिलीतल्या रेन्गेला एक प्रश्न पडतो : आपण राहतो ते खेडं आहे का?

कोल्हापूरकराला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पुण्यातले सहकारी शुक्रवारी विचारतात, "गावी चाललास का?" आणि गगनबावड्याकडचा माणूस आपल्याला 'शहरातले' म्हणतो. खेडं ही जागा नसते, तुलना असते. होतारू येईपर्यंत त्या चौघांची शाळा 'छोटी' नव्हती, नुसती शाळा होती.

२०१३ साली आलेली ही मालिका 'इयाशिकेई' म्हणजे मनाला निववणाऱ्या प्रकारात मोडते. ऑफिसमधून दमून आल्यावर पाच मुलांचा वर्ग बघायला छान वाटतं. अडचण अशी की तसे वर्ग आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्याकडे बघताना आपल्याला अजिबात निवल्यासारखं वाटत नाही. तिथे आपण पट मोजतो.

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून जास्त आहेत. २०२३ साली अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा प्रस्ताव आला. पानशेत आणि तोरणमाळ ही त्याची उदाहरणं म्हणून पुढे केली गेली. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे हा विचार मला लगेच कळतो. चार सर्व्हरवर थोडा थोडा लोड असेल तर सगळं एकावर आणा, बाकीचे बंद करा. खर्च वाचतो.

आणि या बाजूत तथ्य आहेच. चार मुलांत कबड्डीचा संघ होत नाही. चार इयत्तांना एकच शिक्षक असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला पाव शिक्षक येतो. डुलक्या काढणाऱ्या बाई पडद्यावर गोड वाटतात. आपल्या मुलाच्या वर्गात आपण त्या चालवून घेणार नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, मैदान असेल, मैत्रिणी असतील. म्हणून 'छोटं ते सुंदर' एवढ्या भांडवलावर ही शाळा वाचवता येणार नाही.

पण सर्व्हरच्या हिशेबात एक गोष्ट सुटते. डेटा हलवला तर डेटाचे पाय दुखत नाहीत. वाडीतली शाळा बंद झाली की अंतर नाहीसं होत नाही. आधी ते शिक्षक कापत होता, आता सात वर्षांचं पोर कापतं. बस देऊ, असं सांगितलं जातं. पण आषाढात गगनबावड्याच्या वाटेवर ओढे भरले की बस येत नाही, आणि मग घरी कुणाला बसवतात? बहुतेक वेळा मुलीलाच. म्हणूनच शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या सक्तीमागे एक गृहीत होतं : शाळा आम्ही जवळ आणू, मग न येणं हा तुमचा दोष. शाळाच लांब नेली तर तो रुपया कुणाकडून घ्यायचा?

'किती मुलं असली की शाळा परवडते?' हा प्रश्न हिशेबाचा आहे आणि तो विचारायलाच हवा. फक्त त्याआधी दुसरा विचारावा : न परवडण्याचा भार कुणी उचलायचा, ज्याच्याकडे तिजोरी आहे त्याने, की ज्याच्या पाठीवर दप्तर आहे त्याने?

आपल्या भाषेत शाळा 'भरते'. बाक भरले म्हणून नाही, घंटा झाली म्हणून. पहिल्या भागातल्या त्या खोलीत पाचच मुलं आहेत. पण होतारू पहिल्या दिवशी आत येते तेव्हा तिच्यासाठी जागा असते, आणि वर्गातल्या चौघांना ती कोण हे जाणून घ्यायचं असतं. शाळा भरलेली आहे.