उशाखालचं शास्त्र

जादूच्या गोष्टी ख्रिस्ती मुलांनी वाचाव्यात का, हे मला विचारायला येतात त्या बहुतेक आयाच. बाप विचारत नाहीत. ते एकतर पुस्तक उचलून माळ्यावर टाकतात, नाहीतर पोरगं मोबाइल सोडून काहीतरी वाचतंय यातच खूश असतात. आमच्या नगरच्या मंडळीत रविवारी मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे, त्यामुळे उपासना संपून सलाम-सलाम झाले की कुणीतरी बाजूला घेतंच. गेल्या वेळी एक आई आली. मुलगा नववीत. त्याने वाचनालयातून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आणलेलं. “बाई, ते जादूटोण्याचं आहे म्हणतात. घरात ठेवू का?” मुलगा मागे उभा राहून सूचनाफलक वाचत होता, म्हणजे तसं दाखवत होता.

त्या आईच्या बाजूने वचन आहे, हे आधी मान्य करायला हवं. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात यादीच आहे: चेटूक, शकुन, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं, सगळं परमेश्वराला अमंगळ. त्यात पळवाट नाही. पण यादीतल्या सगळ्या उद्योगांमागे एकच हाव आहे: उद्या काय होणार ते आज कळावं आणि जमलं तर आपल्या मनासारखं वळवून घ्यावं. त्या यादीपाठोपाठ लगेच संदेष्टा देण्याचं वचन येतं. म्हणजे देव बोलेल, तुम्ही ऐका. त्याच्या पाठीमागून दुसरा रस्ता काढू नका. हे ध्यानात ठेवलं की प्रश्न पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या झाडूपुरता राहत नाही, थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो.

कारण त्याच घरात काय चालतं ते मला ठाऊक आहे. बाळ रडायचं थांबेना की आजी मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेते, बाळावरून उतरवते आणि गॅसवरच्या तव्यात टाकते. मिरच्या जळून ठसका आला तर ठीक. नाही आला तर मान हलते: “बघ, केवढी दृष्ट लागली होती.” हे करताना आजी तोंडाने प्रभूची प्रार्थना म्हणते, एवढाच काय तो शेजारच्या घरात आणि या घरात फरक. बारावीच्या परीक्षेला प्रार्थना केलेलं तेल पेनाला लावून मुलं जातात. वाईट स्वप्नं पडतात म्हणून पवित्र शास्त्र उशाखाली ठेवलं जातं, उघडलं मात्र जात नाही. मला विचाराल तर अनुवादातल्या त्या यादीच्या जास्त जवळ हे आहे. परीस शोधणारा तो चष्मेवाला पोरगा नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत याच दुखण्याच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या मी वर्गात दरवर्षी घेते. शोमरोनातला शिमोन हा जादूगार. त्याने बाप्तिस्मासुद्धा घेतला, आणि प्रेषितांनी हात ठेवताच पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने पेत्रापुढे पैसे धरले: हा अधिकार मलाही द्या. पेत्राने त्याला जे सुनावलं ते मुलांना फार आवडतं. दुसरी गोष्ट इफिसातली. स्किवा नावाच्या मुख्य याजकाचे सात मुलगे भूत काढायला येशूचं नाव वापरायला गेले, जसा मांत्रिक मंत्र वापरतो तसं. भूत म्हणालं, येशूला ओळखतो, पौलाचं नाव ऐकलंय, तुम्ही कोण? आणि त्या भुताने झपाटलेल्या माणसाने सातही जणांना असं बदडलं की उघडेनागडे पळाले. नाव बरोबर होतं, उच्चार बरोबर होता. तरी मार बसला. प्रभूचं नावही जादूसारखं वापरता येतं, हे पवित्र शास्त्रच इतक्या थट्टेने सांगतं.

आता कुणीतरी पुढची वचनं काढतंच, आणि काढावीतच. त्याच इफिसात लोकांनी आपली जादूची पुस्तकं आणून सर्वांसमक्ष जाळली आणि किंमत भरली चांदीची पन्नास हजार नाणी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या अलामोगोर्डो गावात 2001च्या डिसेंबरात एका मंडळीने हॅरी पॉटरची होळी केली, तीही याच धाग्याने. पण जाळलं काय, ते नीट वाचावं. ती पुस्तकं गोष्टींची नव्हती. मंत्रांची, धंद्याची होती. आणि जाळणाऱ्यांनी जाळली ती स्वतःची. पन्नास हजारांचं नुकसान ज्याचं त्याने सोसलं. दुसऱ्याच्या मुलाचं वाचनालयातलं पुस्तक जाळायला काही सोसावं लागत नाही.

गोष्टीचाच विटाळ असेल तर पहिल्या शमुवेलाचा अठ्ठाविसावा अध्याय आधी कापावा लागेल. ज्या शौलाने देशातून भुतं उठवणारे हाकलले, तोच वेश पालटून रात्री एन-दोरला एका बाईकडे जातो, मेलेल्या शमुवेलाला वर बोलावतो, उत्तर ऐकून जमिनीवर कोसळतो. मग तीच बाई त्याला वासरू कापून, भाकरी भाजून जेवू घालते. कुठल्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा प्रसंग. राजा भीतीपोटी काय होऊन बसतो, हे ‘जादू वाईट’ या दोन शब्दांनी कळत नाही, त्या भाकरीने कळतं. शास्त्यांमध्ये योथाम तर डोंगराच्या शेंड्यावरून लोकांना झाडांची गोष्ट सांगतो. झाडं राजा निवडायला निघतात आणि शेवटी काटेरी झुडुपाला गळ घालतात. बोलणारी झाडं! टॉल्किनच्या हजारो वर्षं आधी.

आणि दानीएल. माझ्या दृष्टीने या प्रश्नावर त्याचा पहिला अध्याय पुरेसा आहे. बाबेलात धरून नेलेली ही तरुण मुलं, आमच्या वर्गातल्यांएवढीच असतील. राजाने तीन वर्षांचा अभ्यासक्रम लावला: खास्द्यांची भाषा आणि वाङ्मय. त्या वाङ्मयात नक्षत्रं, शकुन, स्वप्नफळं असणारच. राजाच्या ताटातलं अन्न त्यांनी नाकारलं, अभ्यासक्रम नाकारला नाही. उलट परीक्षेत बाबेलच्या ज्योतिष्यांपेक्षा दसपट सरस ठरली. पण हे उदाहरण ज्याला आपलं ताट कुठलं हे माहीत आहे त्याचंच आहे. ज्याने शास्त्र नुसतं उशाखाली ठेवलंय, त्याला दानीएलची सवलत मागता येणार नाही.

म्हणून मी त्या आईला म्हटलं, पुस्तक ठेवा आणि आधी तुम्ही वाचा. मी सातही भाग वाचलेत. रोलिंगबाईंच्या शाळेतली जादू म्हणजे बरीचशी शाळाच आहे: गृहपाठ, परीक्षा, खडूस मास्तर. भविष्य सांगण्याचा विषय शिकवणारी बाई तिथे चेष्टेचा विषय आहे. तरी तिच्या तोंडून निघालेलं एक भाकीत खरं ठरतं आणि सगळी कथा त्यावर फिरते, तिथे मी मुलांशी वाद घालते. दुसऱ्या भागातली रोजनिशी मात्र मला प्रत्येक आईने वाचावीशी वाटते. एकटी पडलेली अकरा वर्षांची मुलगी वहीत मनातलं लिहिते, वही उत्तर देते, गोड बोलते, आणि हळूहळू मुलीचा ताबा घेते. अनोळखी आवाजाशी रात्री अकरा वाजता फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींना मी एन-दोरबरोबर हीच गोष्ट सांगते.

आमच्यात एक सोयीची वाटणी आहे, ती मला पटत नाही. नार्निया चालतं, कारण सी. एस. लुईस आपले, पॉटर चालत नाही. नाताळात बक्षीस म्हणून नार्निया देणाऱ्यांनी ‘प्रिन्स कॅस्पियन’ शेवटपर्यंत वाचलेलं नसावं. तिथे नार्नियाच्या सिंहाच्या, अस्लानच्या आनंदयात्रेत ग्रीकांचा मद्यदेव बॅकस द्राक्षवेली उगवत नाचतो. टॉल्किन पक्के कॅथलिक. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळात धार्मिक कृती आहे असं त्यांनी 1953 साली एका जेझुइट मित्राला लिहिलं. पण त्या कथेत ना उपासना, ना क्रूस. आहे ती एक अंगठी, जी हाती आली तर सगळं नीट करता येईल असं चांगल्यातल्या चांगल्यांना वाटतं, आणि म्हणूनच जादूगार गँडाल्फ ती हातात घ्यायलाही नकार देतो. त्याला भीती आपल्या दुष्टपणाची नाही, चांगलं करण्याच्या हौसेची आहे. शिमोनाचा अध्याय आणि हे प्रकरण मी मागेपुढे वाचून दाखवत असे. लेखकाचा बाप्तिस्मा तपासण्यापेक्षा कथेत सत्तेचं काय होतं ते तपासावं.

माझं घोडं अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. वर्गात एक मुलगी आहे. तिच्या घरचे अलीकडे मंडळीत आले. त्याआधी आजारपणात भगत झाला, कोंबडं झालं, चुलतीवर करणीचा आळ येऊन मारहाणीपर्यंत गेलं. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, दाभोलकरांचा खून झाल्यावर. अशा घरातून आलेल्या पोरीला छडी आणि मंत्र यांत गंमत दिसत नाही. मी अंगठीचं प्रकरण वाचू लागले तशी ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मध्येच पाणी प्यायला म्हणून उठून गेली.

पौलाने करिंथकरांना मूर्तीच्या प्रसादाबद्दल लिहिलं ते अशांसाठीच: मूर्ती काही नाही हे खरं, पण तुझ्या ज्ञानाने दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणार नाही. आमचे काही पाळकसाहेब हे वचन सगळ्यांचं वाचन बंद करायला वापरतात. मला ते तसं दिसत नाही. पौल स्वतःचं ताट बाजूला सारतो, करिंथातली सगळी स्वयंपाकघरं बंद करत नाही. पण माझं ताट मला सारावं लागेल, यात शंका नाही.

सध्या व्यवस्था अशी आहे. वर्गात मोठ्याने वाचायचं ते योथाम, दानीएल, स्किवाचे मुलगे. कादंबऱ्या कपाटात, ज्याला हवी त्याने आईला विचारून घरी न्यायची आणि परत करताना माझ्याशी दहा मिनिटं बोलायचं. नववीतल्या मुलाला मी विचारलं, पुस्तकातल्या जादूच्या आरशात काय दिसतं हॅरीला? तो म्हणाला, मेलेले आईवडील. मग तिथे रोज जाऊन बसणं बरं की वाईट? तो बराच वेळ गप्प राहिला, म्हणाला, मला तर जावंसं वाटेल. त्याचे वडील करोनात गेले. त्यावर माझ्याकडे वचन नव्हतं असं नाही, होतं, पण त्या दिवशी मी ते काढलं नाही. पुढच्या रविवारी त्याच्या आईलाही बोलावलंय. ती सत्तर पानांपर्यंत आली आहे.