फोटोतली मोकळी मुंबई

जुन्या मुंबईचा फोटो पाहिला की सुस्कारा सोडायचा, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. सुस्कारा न सोडता असा फोटो पाहणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पूर्वी हे फोटो दिवाळी अंकातून किंवा बँकेच्या कॅलेंडरावरून भेटत. आता ते पहाटे सहाला मोबाइलवर येतात, आणि आमच्याकडे ते पाठवण्याचं खातं आमच्या मेव्हण्यांकडे आहे. खाली एकच ओळ असते : 'काय होती हो आपली मुंबई!' मेव्हणे डोंबिवलीचे. त्यांचे वडीलही डोंबिवलीचेच. पण मोकळा रस्ता, मधोमध एक बग्गी आणि मागे गॉथिक इमारत असं दृश्य दिसलं, की डोंबिवलीच्या माणसालाही ती इस्टेट आपलीच होती आणि कुणीतरी ती भाऊबंदकीत गिळली असं वाटायला लागतं.

मी त्यांच्यापेक्षा एक पायरी पुढे गेलोय. मी सुस्कारे विकत आणतो. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या पिक्चर पोस्टकार्डांचे गठ्ठे मिळतात. बुटांचा एक खोका त्यांनी भरला आहे. त्यात एक शास्त्रही आहे बरं का! समुद्राकाठी ताजमहाल हॉटेल दिसतंय, पण गेटवे नाही, तर ते दृश्य 1903 नंतरचं आणि 1924च्या आधीचं. विजेची ट्राम दिसली तर 1907च्या अलीकडचं. सुरुवातीच्या कार्डांची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असे, त्यामुळे मजकूर पुढच्या बाजूला, चित्राच्या कडेकडेने दाटीवाटीने लिहावा लागे. माझ्याकडच्या एका कार्डावर राजाबाई टॉवरच्या आभाळात कुणा साहेबाने हवा फार गरम असल्याची तक्रार केली आहे. रंग तर विचारूच नका. मूळ फोटो काळा-पांढरा, आणि पुष्कळ कार्डं छापली जात जर्मनीत. तिथल्या ज्या कारागिराने त्यात रंग भरले, त्याने मुंबई कशाला पाहिली असेल? म्हणून आमच्या समुद्राला कधी नव्हे तो निळाभोर रंग मिळाला.

"स्वतःला आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नाही, आणि लोकांची पत्रं विकत आणून वाचता!" सौ. म्हणाली. मी म्हटलं, पोस्टकार्ड हे उघडंच असतं, पोस्टमनसुद्धा वाचतो. "पोस्टमन ते पत्त्यावर पोचवतो तरी," ती म्हणाली.

पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मेव्हण्यांच्या लाडक्या फोटोंमधले रस्ते मोकळे असतात, आणि 'बघा, तेव्हा माणसंच नव्हती' असा त्यांचा निष्कर्ष असतो. माणसं नव्हती? 1864च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर भरली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसं लोंढ्याने येत होती. उपनगरं नाहीत, लोकल नाही, सगळी गर्दी दक्षिणेच्या टोकाला दाटलेली. मग ही माणसं फोटोत कुठे गेली?

ती हलली! मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेव्हाच्या हौशी छायाचित्रकारांपैकी. त्या काळात काचेची प्लेट ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि काही सेकंद तरी झाकण उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे जागचं हललं नाही ते फोटोत उमटलं. जे चालत राहिलं त्याचा फार तर धूसर डाग राहिला. इमारत उमटली. पुतळा उमटला. वाट पाहणारी बग्गी उमटली. पाटीवाला, भिस्ती, हातगाडी ओढणारा, कामावर पोचायची घाई असलेला प्रत्येक जण पुसला गेला. म्हणजे आपण ज्या मोकळेपणासाठी हळहळतो तो मोकळेपणा हा पोटासाठी धावणारी माणसं वगळून केलेला आहे. ज्याला थांबणं परवडलं, तो इतिहासात राहिला.

पुढे कॅमेरे चपळ झाले. पण कार्डं छापणाऱ्याला विलायतेत पाठवण्याजोगं काहीतरी हवं होतं. त्यामुळे मलबार हिल निघाली, व्हिक्टोरिया टर्मिनस निघालं. गिरणगावातल्या चाळीची खोली कोण कशाला छापतो? तिथली माणसं फोटोत आली ती प्लेगमध्ये. 1896 साली मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्या काही महिन्यांतल्या बंदोबस्ताचे फोटो सरकारी कामाचा भाग म्हणून काढले गेले. घरं धुतली जाताहेत, तपासणीसाठी माणसं रांगेत उभी आहेत, इस्पितळात खाटा लागल्या आहेत. तिथे मात्र कुणी धूसर नाही. सगळे स्पष्ट. गरिबाला स्थिर उभं करायला सरकारला साथ लागली.

आमचे पणजोबा या सुमाराला कोकणातून बोटीने आले आणि परळच्या एका गिरणीत लागले. त्यांचा एकही फोटो नाही. घरात त्यांची आठवण म्हणून एक पितळी तांब्या आहे, आणि त्याला पोचे आहेत. मी भिंगातून कार्डं पाहतो ती खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी. आणि मग मनात येतं, की ज्या हॉटेलच्या पायरीवर त्यांना दरवानाने उभं केलं नसतं, त्या हॉटेलच्या चित्रापुढे आपण 'गेले ते दिवस' म्हणणं हा शुद्ध निर्लज्जपणा नाही का?

शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, सुस्काऱ्याला सातबारा लागत नाही. आग्र्याचा ताज बघून हळहळणारे सगळे काय मोगल असतात? आणि व्ही. टी. बांधायला दगड कुणी वाहिले? तुमच्यासारख्यांच्याच पणजोबांनी ना? मग हळहळा की खुशाल!" मास्तरांशी वादात जिंकता येत नाही, पण मला हे पुरतं पटलेलं नाही. दगड वाहणं आणि आत जाणं यात फरक आहे. तरी खोक्यातलं काळ्या घोड्याचं कार्ड पाहिलं की मास्तरांकडे थोडा झुकतो. 1879 साली सातव्या एडवर्डचा, तेव्हाच्या युवराजाचा, अश्वारूढ पुतळा तिथे बसवला. कार्डावर छापलंय त्याचं नाव. घोड्याचं नाव नाही. लोकांनी मात्र स्वारीकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले काळा घोडा. 1965 साली युवराज घोड्यासकट राणीच्या बागेत गेले, आणि जागेवर पुतळा नसतानाही नाव काळा घोडाच राहिलं. 2017 साली तिथे नवा घोडा आला. पाठीवर कुणी नाही. फोटोत धूसर झालेल्या माणसांनी पन्नासेक वर्षं नुसत्या तोंडाने एक घोडा जागेवर उभा ठेवला!

पण खोक्यात आणखीही एक कार्ड आहे, आणि त्यापुढे मास्तरांचा युक्तिवाद चालत नाही. त्या काळी 'नमुन्यांची' कार्डं निघत : कोळीण, धोबी, भिस्ती. खाली धंदा छापायचा, नाव नाही. माझ्याकडे एक हमाल आहे. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे रिकामी पाटी घेऊन उभा. पाय अनवाणी. सांगितलं म्हणून उभा राहिलेला माणूस जसा बघतो तसा बघतोय. कपाळ आमच्या वडिलांसारखं आहे. त्यात काही अर्थ नाही, कोकणातल्या निम्म्या कपाळांची ठेवण तशीच असते.

गेल्या आठवड्यात चोरबाजारातल्या दुकानदाराचा फोन आला. परदेशातलं कुणी गिऱ्हाईक नमुन्यांचा पूर्ण संच जमवतंय. "साब, वो हमाल दे दो, डबल देता हूँ." डबल म्हणजे बरे पैसे होते. मी सौ.ला विचारलं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "विका की. फक्त एकदा त्याला विचारून घ्या."

दुकानदाराला गणपतीनंतर सांगतो म्हटलंय.